टर्मिनलमध्ये आधी दिलेली कमांड परत कशी शोधायची? (मोबाईलवरच्या टर्मक्ससह)

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. धाकट्या भावाचा एका परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि शेवटची तारीख तीच होती. नाव, पत्ता, मार्क सगळं भरून झालं, आणि फोटो अपलोड करताना लाल अक्षरांत सूचना आली: फोटो 20 ते 50 केबीमध्येच हवा. आमचा फोटो होता 3 एमबीचा. सही 10 ते 20 केबीमध्ये हवी होती, तीही 2 एमबीच्या वर. सायबर कॅफे बंद झालेला, घरात लॅपटॉप नाही.

गंमत म्हणजे हेच काम मी दोन महिन्यांपूर्वी माझ्या फॉर्मसाठी मोबाईलवरच केलं होतं, टर्मक्स ॲपमध्ये एक कमांड देऊन. पण कमांड काय होती? डोक्यात फक्त एवढंच उरलं होतं की तिच्यात कुठेतरी 'एक्सटेंट' असा शब्द होता. टर्मक्स उघडलं, दोन बटणं दाबली, तो शब्द टाइप करायला लागलो आणि चौथ्या अक्षराला अख्खी ओळ समोर हजर. फोटो झाला. सहीची कमांड मात्र काही केल्या सापडेना. ती का सापडली नाही, हेही पुढे सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, यासाठी फुकट वेबसाइट ढिगाने आहेत की! आहेत. पण स्वतःचा फोटो आणि सही, दोन्ही कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवर चढवायची आणि ती तिथून नंतर पुसली जातात यावर विश्वास ठेवायचा, हे मला पटत नाही. टर्मक्समध्ये सगळं काम आपल्याच फोनमध्ये होतं.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट. या लेखात कमांड आपल्या लिपीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या. जिथे कॅपिटल अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

टर्मिनल लिहून काय ठेवतं?

टर्मक्स हे अँड्रॉइडवर चालणारं टर्मिनल ॲप आहे आणि ते एफ-ड्रॉइडवर मिळतं. आपण कमांड टाइप करतो तेव्हा ती वाचून कामाला लावणारा एक प्रोग्रॅम आत बसलेला असतो, त्याला शेल म्हणतात. टर्मक्समध्ये आणि बहुतेक लिनक्स लॅपटॉपवर हा शेल म्हणजे 'बॅश'. ब्रायन फॉक्स यांनी तो 1989 मध्ये लिहिला.

हा बॅश तुम्ही दिलेली प्रत्येक कमांड लिहून ठेवतो. चालली ती, चुकली ती, स्पेलिंग चुकल्यामुळे 'कमांड नॉट फाउंड' आलेली, सगळ्याच. ही यादी बघायची तर टाइप करा:

हिस्टरी

समोर नंबर लावलेली यादी येईल. शेवटच्या वीसच हव्या असतील तर 'हिस्टरी 20'.

आता नीट लक्ष द्या, कारण माझी सहीची कमांड इथेच हरवली. बॅश दुकानदारासारखा दोन वह्या ठेवतो. एक कच्ची आणि एक पक्की. टर्मिनल चालू असताना प्रत्येक कमांड कच्च्या वहीत, म्हणजे फोनच्या मेमरीत, नोंदली जाते. दुकान बंद करताना, म्हणजे तुम्ही 'एक्झिट' दिल्यावर, तो कच्च्या वहीतल्या नोंदी पक्क्या वहीत उतरवतो. पक्की वही ही एक साधी टेक्स्ट फाइल असते. ती तुमच्या होम फोल्डरमध्ये असते आणि तिचं नाव '.बॅश_हिस्टरी'. नावाच्या आधी टिंब आहे, त्यामुळे ती लपलेली असते, 'एलएस' दिलं तर दिसत नाही, 'एलएस -ए' दिलं की दिसते. पुढच्या वेळी टर्मिनल उघडलं की बॅश पक्की वही वाचतो आणि जुन्या कमांड पुन्हा हाताशी येतात.

वरचा बाण सगळ्यांना माहीत असतो

वरचा बाण दाबला की मागची कमांड येते, पुन्हा दाबला की त्याच्या मागची. टर्मक्समध्ये कीबोर्डच्या वर बटणांची जी जादा पट्टी दिसते तिच्यात बाण असतात. पट्टी दिसत नसेल तर व्हॉल्यूम वाढवायचं बटण दाबून धरा आणि क्यू दाबा. त्याच बटणाबरोबर डब्ल्यू दाबलं तरी वरच्या बाणाचं काम होतं.

दोन-तीन कमांड मागे जायला हे ठीक आहे. पण मी लोकांना चाळीस-चाळीस वेळा बाण दाबताना बघितलंय, लॅपटॉपवर सुद्धा. मध्येच हवी ती ओळ निसटते आणि मग खालचा बाण. असं करू नका.

कंट्रोल + आर: शिकायची एकच गोष्ट निवडायची तर ही

जादा पट्टीवरचं 'कंट्रोल' एकदा दाबा, मग कीबोर्डवरचं आर. (व्हॉल्यूम कमी करायचं बटण दाबून धरून आर दाबलं तरी चालतं. टर्मक्समध्ये ते बटण कंट्रोलचं काम करतं.) प्रॉम्प्ट बदलून 'रिव्हर्स-आय-सर्च' असं काहीतरी दिसेल. म्हणजे शेवटाकडून मागे शोधणं चालू झालं. आता कमांडमधला आठवेल तो तुकडा टाइप करा. सुरुवातीचाच हवा असं नाही, मधला, शेवटचा, कुठलाही. प्रत्येक अक्षरागणिक शोध बारीक होत जातो.

त्या रात्री मला सापडलेली ओळ ही होती:

मॅजिक फोटो.जेपीजी -रिसाइझ 200एक्स230! -डिफाइन जेपीईजी:एक्सटेंट=45केबी फॉर्म-फोटो.जेपीजी

'मॅजिक' ही इमेजमॅजिक या पॅकेजची कमांड. ते 'पीकेजी इन्स्टॉल इमेजमॅजिक' देऊन बसवता येतं. ओळीचा अर्थ असा: फोटो 200 बाय 230 पिक्सेलचा कर आणि फाइल 45 केबीच्या वर जाऊ देऊ नको. आकारानंतरचं उद्गारचिन्ह म्हणजे 'अगदी हाच आकार, थोडा इकडे-तिकडे नाही'. अशी ओळ मोबाईलच्या कीबोर्डवर, ऑटोकरेक्टशी भांडत, दुसऱ्यांदा टाइप करणं म्हणजे शिक्षाच.

ओळ सापडली की एंटर दाबायची घाई करू नका. एंटर दाबलं की ती जशीच्या तशी चालते. जुनं फाइलचं नाव, जुनं फोल्डर, सगळं तसंच. बदल करायचा असेल तर डावा किंवा उजवा बाण दाबा. ओळ नेहमीसारखी प्रॉम्प्टवर येते आणि हवं ते बदलता येतं.

सापडलेली ओळ भलतीच असेल तर पुन्हा कंट्रोल + आर, की त्याच तुकड्याची त्याच्या आधीची नोंद दिसते. शोधच सोडून द्यायचा असेल तर कंट्रोल + जी.

दोन गोष्टींनी लोक फसतात. पहिली, हा शोध सलग तुकड्याचाच असतो. 'फोटो 45' असं टाइप केलं तर 'फोटो' आणि '45' वेगवेगळ्या ठिकाणी असलेली ओळ सापडणार नाही. लहान आणि कॅपिटल अक्षरांतही तो फरक करतो, आणि मोबाईलचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करत असेल तर 'सापडत का नाही' म्हणून दहा मिनिटं जातात. दुसरी गोष्ट लॅपटॉपवाल्यांसाठी. कंट्रोल + आर दाबता दाबता हवी ती ओळ मागे गेली तर पुढे यायला कंट्रोल + एस आहे. पण बहुतेक लिनक्स टर्मिनलमध्ये ते दाबलं की स्क्रीन गोठते, काही टाइपच होत नाही. टर्मिनल हँग झालेलं नसतं. 'थांब, पुढचं दाखवू नको' असा तो जुन्या काळातला इशारा आहे. कंट्रोल + क्यू दाबा, सुटेल. टर्मक्सच्या लोकांनी हा प्रकार आधीच बंद करून ठेवला आहे, त्यामुळे मोबाईलवर ही अडचण येत नाही.

तीन कमांड एकामागोमाग चालवायच्या असतील तर

फोटो करा, सही करा, दोन्ही डाउनलोड फोल्डरमध्ये टाका, अशा तीन कमांड तुम्ही परवा ओळीने दिल्या होत्या आणि आज पुन्हा त्याच हव्या आहेत. कंट्रोल + आरने पहिली शोधा आणि एंटरऐवजी कंट्रोल + ओ दाबा. पहिली चालते आणि तिच्या नंतरची कमांड आपोआप प्रॉम्प्टवर येऊन उभी राहते. पुन्हा कंट्रोल + ओ. वर्षानुवर्षं लिनक्स वापरणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीत नसतं. मला स्वतःला कळायला चार वर्षं लागली.

आणि एक माझी आवडती युक्ती. बॅशमध्ये # या चिन्हानंतर लिहिलेलं शेल वाचतच नाही, पण हिस्टरीत मात्र ते जसंच्या तसं राहतं. म्हणून लांबलचक कमांड एकदा नीट जमली की तिच्या शेवटी एक स्पेस, मग #, आणि मग खुणेचा शब्द लिहायचा. # फॉर्मफोटो, # व्हिडिओलहान, असं काहीही. पुढे 'एक्सटेंट' आठवायची गरज नाही, कंट्रोल + आर करून 'फॉर्मफोटो' शोधायचं. खूण इंग्रजी अक्षरांत ठेवलेली बरी, नाहीतर शोधताना दर वेळी कीबोर्ड बदलत बसावं लागतं.

अर्धी कमांड लिहून झाली आणि मध्येच दुसरंच काही करावं लागलं, असंही होतं. कंट्रोल + सी दाबलं तर लिहिलेली ओळ हिस्टरीत जात नाही, गेली ती गेली. त्याऐवजी पट्टीवरचं 'ऑल्ट' आणि मग # दाबा. बॅश ओळीच्या सुरुवातीला # लावतो आणि न चालवता ती हिस्टरीत ठेवतो. काम झालं की वरचा बाण, # खोडा, पुढे लिहा.

उद्गारचिन्हाची भानगड

इंटरनेटवर कुठेही शोधा, हिस्टरीच्या लेखात उद्गारचिन्हांच्या कमांडची लांब यादी असते. ही पद्धत बॅशच्याही आधीची. 1970 च्या दशकाच्या शेवटी बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय यांनी 'सी शेल' लिहिला, त्यात ती होती. तेव्हाच्या कित्येक टर्मिनलना बाणांची वेगळी बटणंच नसायची, त्यामुळे दोन-तीन चिन्हांत मागची कमांड बोलावता येणं ही चैन नव्हती, गरज होती. पुढे बॅशने ती तशीच उचलली. आज फोनच्या कीबोर्डवरही बाण नसतात, म्हणजे आपण पुन्हा तिथेच येऊन पोचलो म्हणायचं!

त्यातल्या मला रोज लागणाऱ्या दोनच.

!! म्हणजे मागची अख्खी कमांड. लॅपटॉपवर उबुंटूमध्ये काही इन्स्टॉल करायला गेलात आणि 'परमिशन डिनाइड' आलं, तर पूर्ण ओळ पुन्हा न लिहिता 'सुडो !!' एवढंच द्यायचं.

!$ म्हणजे मागच्या कमांडमधला शेवटचा शब्द. 'एमकेडीआयआर परीक्षा-2025' देऊन फोल्डर बनवलं की लगेच 'सीडी !$'. याचंच आणखी सोपं रूप म्हणजे ऑल्ट आणि टिंब. ते दाबलं की शेवटचा शब्द तिथल्या तिथे डोळ्यांसमोर लिहिला जातो, पुन्हा दाबलं की त्याच्या आधीच्या कमांडचा. माझं मत विचाराल तर !$ पेक्षा हेच शिका, कारण काय चालणार आहे ते आधी दिसतं.

हा 'आधी दिसतं' मुद्दा लहान नाही. !412 दिलं की हिस्टरीतली 412 नंबरची कमांड चालते. !आरएम दिलं की 'आरएम'ने सुरू होणारी सगळ्यात अलीकडची कमांड चालते. आता आरएम म्हणजे फाइल पुसणं. तुम्हाला वाटतंय ती कालची 'आरएम जुना.टीएक्सटी' असेल, आणि प्रत्यक्षात मधे तुम्ही दुसऱ्या फोल्डरमध्ये 'आरएम -आरएफ *' देऊन बसला असाल. टर्मिनलमध्ये रिसायकल बिन नसतो. म्हणून अशी कमांड द्यायचीच असेल तर शेवटी :पी जोडा, उदाहरणार्थ !आरएम:पी. मग ती फक्त दाखवली जाते, चालत नाही. टर्मक्सच्या बॅशमध्ये तर अशी ओळ एंटरनंतर आधी प्रॉम्प्टवर येते आणि दुसऱ्या एंटरला चालते, अशी सोय मुळातच चालू करून दिलेली आहे. मित्राच्या लॅपटॉपवर मात्र ती असेलच असं धरून चालू नका.

याच उद्गारचिन्हामुळे नवशिक्यांना एक चक्रावणारी चूक दिसते. डबल अवतरणात 'वा!मस्त' असा मजकूर छापायला गेलात की बॅश म्हणतो 'इव्हेंट नॉट फाउंड'. त्याला वाटतं तुम्ही 'मस्त'ने सुरू होणारी जुनी कमांड मागताय. मजकूर सिंगल अवतरणात घाला, मिटलं. उद्गारचिन्हानंतर लगेच स्पेस असेल तर बॅश तिकडे लक्ष देत नाही, म्हणून आपल्या फोटोच्या कमांडमधलं 200एक्स230! निर्धोक चालतं.

मग सहीची कमांड गेली कुठे?

फोटोची कमांड मी एका दिवशी दिली होती आणि नीट 'एक्झिट' करून बाहेर पडलो होतो. पक्क्या वहीत नोंद झाली. सहीची कमांड दुसऱ्या दिवशी दिली, काम झालं, फोन खिशात टाकला. थोड्या वेळाने टर्मक्समध्ये परत आलो तर स्क्रीनवर 'प्रोसेस कम्प्लीटेड' आणि कंसात 'सिग्नल 9'. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

सिग्नल 9 म्हणजे प्रोग्रॅमला शेवटचा शब्दही न बोलू देता मारणं. अँड्रॉइड हे करतो. 12 पासूनच्या आवृत्त्यांमध्ये ॲपनी मागे सुरू केलेल्या अशा जादा प्रोसेसवर एकूण 32 ची मर्यादा आहे, शिवाय जास्त सीपीयू खाणाऱ्यांवरही डोळा असतो. त्यात कित्येक फोनचे बॅटरी वाचवणारे सेटिंग वेगळेच. बॅशला पक्की वही उघडायला सवडच मिळाली नाही, आणि कच्च्या वहीसकट त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी गेल्या.

यावर उपाय एका ओळीचा आहे: दुकान बंद व्हायची वाट न बघता प्रत्येक विक्रीनंतर लगेच पक्की नोंद करायची. त्यासाठी होम फोल्डरमधली '.बॅशआरसी' ही फाइल उघडा:

नॅनो ~/.बॅशआरसी

(नॅनो नसेल तर आधी 'पीकेजी इन्स्टॉल नॅनो'.) आणि शेवटी या तीन ओळी लिहा:

हिस्टसाइझ=10000
हिस्टफाइलसाइझ=20000
प्रॉम्प्ट_कमांड='हिस्टरी -ए'

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडची नावं पूर्ण कॅपिटल अक्षरांत. 'हिस्ट' म्हणजे हिस्टरी शब्दाची फक्त पहिली चार अक्षरं, पुढचा शब्द त्याला चिकटून. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नको. उजवीकडची 'हिस्टरी -ए' नेहमीसारखी लहान अक्षरांत. पहिल्या दोन ओळी वह्या मोठ्या करतात, कारण काहीच न सांगितलं तर बॅश 500 ओळीच ठेवतो आणि रोज शिकणाऱ्याच्या त्या महिन्याभरात भरतात. तिसरी ओळ प्रत्येक प्रॉम्प्टच्या आधी नव्या नोंदी फाइलमध्ये उतरवते. फाइल सेव्ह करून टर्मक्स बंद करून उघडा. शिवाय फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन टर्मक्सला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करा.

टर्मक्समध्ये एकाच वेळी दोन सेशन उघडी ठेवत असाल तर एकातली ताजी कमांड दुसऱ्यात दिसत नाही. प्रत्येकाची कच्ची वही वेगळी असते. दुसऱ्यात 'हिस्टरी -एन' दिलं की पक्क्या वहीतल्या नव्या नोंदी तिथे येतात.

हरवण्याचं आणखी एक कारण तर चक्क स्पेस आहे. टर्मक्समध्ये आणि उबुंटूमध्येही, ज्या कमांडच्या सुरुवातीला स्पेस असते ती हिस्टरीत लिहायची नाही, असं ठरवलेलं असतं. वेबसाइटवरून कॉपी-पेस्ट करताना नकळत पुढे एक स्पेस चिकटून येते, कमांड चालते, आणि नोंद कुठेच नाही.

पण ही स्पेस मुद्दामही वापरायची असते

पक्की वही साधी टेक्स्ट फाइल आहे असं वर म्हटलं. तिला कुलूप नाही, पासवर्ड नाही. तुम्ही कमांडमध्ये लिहिलेला प्रत्येक पासवर्ड तिथे उघड्यावर पडलेला असतो.

'मी कशाला कमांडमध्ये पासवर्ड लिहीन?' असं वाटतं, पण लिहिला जातो. गिटहबवर कोड चढवताना लिंकमध्येच टोकन घातलं जातं. एखाद्या एआय सेवेची एपीआय की 'एक्सपोर्ट' करून दिली जाते. डेटाबेस शिकताना मायएसक्यूएलच्या -पी ला चिकटवून पासवर्ड दिला जातो. मग एखाद्या दिवशी अडचण आली म्हणून आपण हिस्टरीचा स्क्रीनशॉट क्लासच्या ग्रुपवर टाकतो. किंवा अख्खं होम फोल्डर गिटहबवर पब्लिक करून मोकळे होतो, टिंबवाल्या लपलेल्या फाइलसकट. अशा उघड्या की शोधत फिरणारे बॉट असतात, आणि त्यांना वेळ लागत नाही.

तर अशी कमांड देताना सुरुवातीला एक स्पेस द्या. वापरता त्या मशीनवर हे चालतं की नाही ते आधी तपासा: स्पेस देऊन 'इको चाचणी' द्या, मग 'हिस्टरी 3' बघा. चाचणी दिसली नाही म्हणजे चालतंय.

आधीच चूक झाली असेल तर पहिलं काम हिस्टरी पुसणं नाही. पहिलं काम म्हणजे तो पासवर्ड बदलणं किंवा ते टोकन रद्द करणं. ते झालं की मग 'हिस्टरी'त त्या ओळीचा नंबर बघा, समजा 318, आणि:

हिस्टरी -डी 318
हिस्टरी -डब्ल्यू

पहिली ओळ कच्च्या वहीतून नोंद काढते, दुसरी पक्की वही नव्याने लिहिते. दुसरी विसरलात तर फाइलमध्ये ती तशीच राहते. एक ओळ काढली की पुढचे सगळे नंबर एकने खाली सरकतात, म्हणून दोन-तीन ओळी काढायच्या असतील तर मोठ्या नंबरापासून सुरुवात करा. दुसरी सेशन उघडी असतील तर ती आधी बंद करा.

बाकीच्यांचं काय?

मॅकवर 2019 च्या कॅटलिना आवृत्तीपासून बॅशऐवजी झेडशेल असतो. कंट्रोल + आर, !! आणि !$ तिथेही आहेत, पण कमांडच्या शेवटी # लावायची युक्ती तिथे तशीच चालत नाही, त्यासाठी एक सेटिंग चालू करावं लागतं. विंडोजच्या पॉवरशेलमध्येही कंट्रोल + आर आहे आणि हिस्टरी फाइलमध्ये राहते. जुन्या काळ्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एफ7 दाबलं की यादी दिसते, पण खिडकी बंद केली की सगळं विसरलं जातं.

कंट्रोल + आरमधली 'सलग तुकडाच हवा' ही अट त्रासदायक वाटत असेल तर एफझेडएफ हा छोटा प्रोग्रॅम बघा. टर्मक्समध्ये 'पीकेजी इन्स्टॉल एफझेडएफ' देऊन मिळतो. बॅशशी जोडून घेतला की कंट्रोल + आर दाबल्यावर एक ओळ न दिसता यादी दिसते आणि 'फोटो 45' असे तुटक शब्दही चालतात. फिश नावाचा शेल तर तुम्ही टाइप करत असतानाच जुनी कमांड फिक्या रंगात पुढे लिहून दाखवतो, उजवा बाण दाबला की घेतली. पण माझा सल्ला, आधी साध्या कंट्रोल + आरची बोटांना सवय लावा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये एफझेडएफ असेलच असं नाही.

त्या रात्री सहीची कमांड सापडत नाही म्हटल्यावर मी वरचा बाण दाबला. नुकतीच चाललेली फोटोची ओळ आली. आकार केला 140एक्स60!, 45 च्या जागी 18, आणि फाइलची दोन नावं बदलली. अकरा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी फॉर्म सबमिट झाला. त्या ओळीच्या शेवटी आता # फॉर्मसही असं लिहिलेलं आहे, आणि गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या मुलीचा फॉर्म भरताना ती पहिल्या झटक्यात सापडली.